नदीपलीकडचे गुरुवार

४ फेब्रुवारी, सोमवार

फादर मुगोयांनी आज नदी पर्पेटुआला दिली.

किती सहज दिली. ताटात मीठ वाढावं तशी.

ईस्टरला आमच्या चर्चचा सुवर्णमहोत्सव आहे. त्यासाठी मातृसंघाच्या बायकांनी अख्ख्या जिंजा शहराचं एक मोठं कापड शिवायचं आणि ते सभागृहाच्या भिंतीवर लावायचं असं ठरलंय. जुन्या गिरणीच्या कापडाचे तुकडे प्रत्येकीच्या पेटीत पडलेले आहेत, त्यांचंच शहर करायचं. ही कल्पना माझी. नाताळच्या आधी फादरांना मीच सांगितली होती. आज ते म्हणाले, "पर्पेटुआबाईंचा हात नाजूक आहे, नदी त्यांनीच करावी." आणि मग माझ्याकडे वळून, "नाबिर्ये, वालुकुबा तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

वालुकुबा म्हणजे आमची कामगार वसाहत. इंग्रजांनी पट्टी ठेवून आखलेली. एका मापाची घरं, एका मापाच्या ओळी. त्यात शिवायचं काय? चौकोन, चौकोन आणि पुन्हा चौकोन. नदी मात्र सरोवरातून निघते, वळते, धरणावरून कोसळते. बघणारा आधी नदीच बघणार.

कॉन्व्हेंटात सिस्टर अलोईशियांनी शिवणाचं बक्षीस असंच हसत हसत पर्पेटुआला दिलं होतं. बोटात घालायचं चांदीचं टोपण. माझी तुरपाई तिच्यापेक्षा बारीक होती, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. ते टोपण ती आजही घालून आली होती.

७ फेब्रुवारी, गुरुवार

हे पलीकडे गेले.

गिरणी नदीच्या पलीकडे, न्जेरूत. हे मागखात्यात फिटर होते, तेव्हा रोज भोंग्याला धरण ओलांडून जायचे आणि रोज परत यायचे. त्याला माझी हरकत नव्हती. पण गिरणीची नोकरी सुटली तरी गुरुवार काही सुटला नाही. म्हणे जुन्या दोस्तांना भेटतो. कोणते दोस्त? अर्धे गावी गेले, अर्धे देवाघरी. पलीकडे राहते ती पर्पेटुआ, बिअरच्या कारखान्यामागच्या उतारावर, बापाच्या जमिनीवर, एकटी. नवरा वारला. गिरणीत नमुने काढायच्या खोलीत होती ती. मागखातं आणि ती खोली यांच्यामध्ये एक व्हरांडा, बस.

संध्याकाळी परतले तर पँटच्या दोन्ही गुडघ्यांना लाल माती. आमच्याकडे गुडघे टेकायचे ते बायकांनी. ह्यांना चहा देताना मी अजून टेकते, सांधे कुरकुरले तरी. पुरुष टेकतो तो देवापुढे, आणि आमच्या चर्चमध्ये सिमेंट आहे, लाल माती नाही.

पँट धुतली. काही विचारलं नाही. बादलीतलं पाणी बराच वेळ लाल होत राहिलं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी आम्ही सगळ्या सभागृहात शिवायला बसतो. टेबलं जोडून त्यावर मोठं कापड पसरलेलं, आणि प्रत्येकजण आपापल्या वस्तीपाशी. बसण्याच्या जागेवरूनच कळतं कोण कुठली. बंगल्यांच्या बाजूला शाळांच्या मुख्याध्यापिका, दुकानांच्या बाजूला बाजारवाल्या, रेल्वेच्या रुळापलीकडे कारखाने, आणि कारखान्यांना चिकटून मी.

अगाथा मुतेसी बाजारात सुकी मासळी विकते. तिच्याकडे मेन स्ट्रीट आहे. ती एकेक दुकान शिवते, वरच्या पाट्यांसकट. ज्या हिंदी शेटजींची नावं त्या पाट्यांवर होती ते जाऊन जमाना झाला.

"पाट्या कशाला गं?" पर्पेटुआ म्हणाली. "नजरेला गर्दी होते."

"मग दुकान ओळखायचं कसं, बाईसाहेब? आम्ही काही कॉन्व्हेंटात गेलो नाही. आम्ही पाटीच्या रंगावरून मीठ आणतो."

मी माझ्या चौकोनांना वास कसा लावायचा याचा विचार करत होते. मोठ्यानं बोलूनही गेले. सकाळी वालुकुबात साबणाचा वास असतो, दुपारी सरकीच्या तेलाचा, आणि वारा फिरला की कातड्याचा. माझ्या रोझाला लहानपणी घड्याळ कळायच्या आधी वासावरून वेळ कळायची. बंगल्यांच्या बाजूला कधी कसलाच वास येत नाही. म्हणूनच तर बंगले तिकडे बांधले.

"आमच्याकडे पावसानंतर मातीचा वास येतो," पर्पेटुआ म्हणाली. नदीचं निळं कापड ती हातानं फाडत होती, कात्री न लावता. म्हणे पाण्याला कापलेली कड शोभत नाही. "पलीकडे माती आपली स्वतःची असते ना. तुमच्याकडे सगळी नगरपालिकेची, नाहीतर कंपनीची."

"आमच्याकडे काम असतं," मी म्हणाले.

"हो तर!" अगाथा म्हणाली. "म्हणून तुमचे पुरुष कामाला पलीकडे जातात!"

सगळं सभागृह हसलं. पर्पेटुआ हसली नाही, मान खाली घालून फाडत राहिली. तेच मला जास्त लागलं. माझी सुई बोटात गेली आणि वालुकुबाच्या तिसऱ्या ओळीवर रक्ताचा ठिपका पडला. मी त्याच्यावर दार शिवलं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

रोझा कंपालाच्या इस्पितळात मुख्य परिचारिका झाली! बुधवारी फोन आला तेव्हा ह्यांनी फोन कानाला लावून नुसतं "बरं. बरं. बरं," म्हटलं आणि अंगणात जाऊन कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे टाकले. मग सायकल काढून मेन स्ट्रीटवर गेले आणि तिच्यासाठी डोक्याचा रुमाल घेऊन आले. हिरव्यावर पिवळे पक्षी. निवड चांगली होती. ह्यांची निवड नेहमीच चांगली असते.

आज त्याच दुकानात मी दोरा घ्यायला गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, दोन्ही रुमाल पसंत पडले ना?"

"दोन्ही?"

"आजोबांनी दोन नेले ना. मी म्हटलं, दुसरा निळ्यातला घ्या. तर नाही म्हणाले, अगदी एकसारखेच हवेत."

रोझाचं पार्सल मी स्वतः बांधलं होतं. त्यात एकच होता. घरी येऊन पेटी बघितली, कपाट बघितलं, गादीखाली बघितलं. गादीखाली हात घालताना मला माझीच लाज वाटली.

दुसरा रुमाल घरात नाही.

१ मार्च, शुक्रवार

पर्पेटुआ आज जुनाच तपकिरी रुमाल बांधून आली. हुशार आहे. माझ्यासमोर बांधणार नाही.

रताळी शिजवली. जास्त शिजली.

६ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून घेतली. त्याआधी पापनिवेदनाला गेले.

"मला हेवा वाटतो, फादर."

"कोणाचा?"

"नदीचा."

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "नाबिर्ये, तुम्हाला धरणाचा भाग देऊ का? धरण अजून कोणी घेतलेलं नाही." मी म्हटलं नको.

राखेच्या दिवशी मला नेहमी नाकातोची आठवण येते. लिहायला हरकत नाही, बोलायला आहे. आमच्याकडे जुळी मरत नाहीत, उडून जातात. त्यांच्यासाठी रडायचं नाही आणि कुठे गेलं म्हणून विचारायचंही नाही. एकीला फार हाका मारल्या की दुसरीही उठून तिच्यामागे जाते म्हणतात. रोझा आणि नाकातो चार वर्षांच्या होत्या. पूर्वेकडच्या रस्त्यांवर लढाई आली, तेच वर्ष. तापाची साथ होती. मी इस्पितळात पडले होते, मला दिवसरात्र कळत नव्हती. घरी आले तेव्हा चटईवर एकटी रोझा बसली होती, दोन्ही बाहुल्या घेऊन. ह्यांनी एवढंच सांगितलं, "चांगल्या जागी गेली." सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. मी विचारलं नाही. आजतागायत विचारलं नाही.

नाबिर्ये म्हणजे जुळ्यांची आई. सगळं शहर मला अजून त्याच नावानं हाक मारतं. हाकेत दोघी असतात. घरात एक.

आज हे का लिहीत बसले कोण जाणे. विषय रुमालाचा होता.

१५ मार्च, शुक्रवार

काल सकाळी जेवताना मी सहज म्हणाले, "आज मीही येते पलीकडे."

ह्यांच्या हातातलं रताळं हातातच राहिलं. "कशाला? नव्या पुलावर केवढी रहदारी असते."

"पर्पेटुआकडून निळं कापड आणायचंय. वालुकुबाच्या गटारांना."

"गटारं निळी कधीपासून झाली?"

"कापडावर असतात निळी."

"मी आणतो निळं," हे म्हणाले.

आणि खरंच आणलं. घडी घालून, कागदात गुंडाळून. कापडाला कापराचा वास होता, बायकांच्या पेटीतला असतो तो. म्हणजे हे घरात जातात. तिची पेटी उघडते तेव्हा तिथे असतात. गुडघ्यांना कालही माती.

मी आज शिवताना एक गोष्ट केली. वालुकुबाच्या ओळी थोड्या पश्चिमेकडे सरकवल्या. दुकानांना ढकललं, बंगल्यांना ढकललं, नदीपर्यंत गेले आणि तिच्या निळ्यावर दोन बोटं चढले.

"नाबिर्ये," पर्पेटुआ चष्म्यावरून बघत म्हणाली, "तुझ्या वसाहतीनं माझी नदी गिळली."

"माणसं वाढली आमच्याकडे."

"आणि हे मुख्याध्यापिकांचे बंगले? बिचाऱ्या पाण्यात उभ्या आहेत."

"पोहायला शिकतील."

अगाथा इतकी हसली की तिच्या टाचण्या सांडल्या. पर्पेटुआनं काहीच उसवलं नाही. तिनं नदी पलीकडे तेवढीच सरकवली, स्वतःच्या बाजूची जमीन कमी करून. ह्या समजूतदारपणाचाही मला राग आला. चोर माणूसच असं पडतं घेतं.

२९ मार्च, शुक्रवार

रोझाचा फोन. "आई, तुझा आवाज असा का? बाबांशी भांडलीस?"

"तुझे बाबा भांडण्याइतके घरात असतात कुठे."

"गुरुवारचं म्हणतेस? जाऊ दे गं. मी शाळेत होते तेव्हापासून जातात ते गुरुवारी."

शाळेत होती तेव्हापासून. म्हणजे मी दोघांचं प्रकरण नवीन समजत होते, आणि हे माझ्या अख्ख्या संसाराइतकं जुनं आहे. माझ्याच चुलीवरचं खाऊन, मीच इस्त्री केलेला सदरा घालून.

लहान असताना मला वाटायचं मत्सर गरम असतो. थंड असतो. पायाकडून चढतो.

१८ एप्रिल, पवित्र गुरुवार

आज मी गेले.

हे सकाळी निघाले. मी थोडं थांबून निघाले. चांगली गोमेसी नेसले, टोकदार बाह्यांची, जांभळी. भांडायला जाताना बाईनं नीटनेटकं दिसावं, हे मला कॉन्व्हेंटानं शिकवलं नाही, पण कॉन्व्हेंटामुळेच येतं. मिनीबसमधून नवा पूल ओलांडला. खाली नदी दिसली. पर्पेटुआनं ती कापडावर हुबेहूब केली आहे, हे तेव्हाच मनात आलं, आणि त्याचाही राग आला.

बिअरच्या कारखान्यामागे भिजलेल्या धान्याचा वास. चढ. जास्वंदीचं कुंपण. फाटक उघडंच होतं.

अंगणात जुनं अंजिराचं झाड आहे, सालीचं कापड काढतात त्या जातीचं. त्याच्या बुंध्याशी हे गुडघ्यांवर बसून गवत उपटत होते. पाठमोरे. आणि बुंध्याला हिरव्यावर पिवळ्या पक्ष्यांचा रुमाल बांधलेला.

मी ओरडणार होते. शब्द तयार होते, पुलावर घोकले होते. पण रुमालाखाली आणखी एक कापड होतं, उन्हानं विटलेलं, फिक्या जांभळ्या रंगाचं. रोझानं परिचारिकेचं शिक्षण पुरं केलं तेव्हा ह्यांनी तिला तसा झगा शिवून घेतला होता. त्याखाली एक निळी चिंधी, तिच्या शाळेच्या गणवेशाची. त्याखाली पांढरी रिबीन, पहिल्या कम्युनियनची, आता पांढरी राहिलेली नाही. त्याखाली नुसते दोरे. आणि बुंध्याशी, गवत काढलेल्या जागी, चार वर्षांच्या पोरीला पुरेल एवढी दगडांची एक चौकट.

प्रत्येकाची जोडी मी घरी धुतली आहे. वाळवली आहे, इस्त्री केली आहे. जुळ्यांना एकीला दिलं की दुसरीलाही तेच द्यायचं, रंगही बदलायचा नाही. हे मला कोणी सांगायला हवं होतं का? मला, नाबिर्येला? दुकानातल्या पोरीनं तोंडावर सांगितलं, एकसारखेच हवेत म्हणून, आणि मी गादीखाली शोधत बसले.

ह्यांना चाहूल लागली. वळून बघितलं, पण उठले नाहीत.

"पूर्वेचे रस्ते बंद होते," हे म्हणाले. जणू कालचीच गोष्ट. "गावी नेता येईना. वालुकुबात आपली माती कुठली? धरणावरचा रस्ता तेवढा उघडा होता. पर्पेटुआच्या वडिलांनी जागा दिली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रडली असतीस."

"मग? आई रडणार नाही?"

"रोझा अजून आहे ना," हे म्हणाले.

मी रडले नाही. गोमेसीची बाही तोंडात धरली आणि उभी राहिले. रोझा आहे. आज तिची दिवसपाळी आहे.

घरामागून पर्पेटुआ आली, हातात केरसुणी. मला बघून थबकली.

"आलीस," ती म्हणाली. "चहा ठेवू?"

"मी तुझ्यापुढे गुडघे टेकणार नाही," मी म्हणाले. असं का म्हणाले, देव जाणे.

"तुला टेकायला सांगितलं कोणी? तू गं मुळातच अशी. शाळेत पण न विचारताच उत्तर द्यायचीस."

मी तिच्या केरसुणीकडे बघत होते. एका बाजूनं झिजलेली. झाडाखालची जमीन इतकी गुळगुळीत होती की रोज झाडल्याशिवाय तशी होत नाही.

"रोज झाडतेस?"

"सकाळी. ह्या झाडाची पानं फार पडतात."

"पावसात?"

"पावसात चिकटतात. तेव्हा हातानं."

तिनं माझा नवरा चोरला असता तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. अगाथानं मदत केली असती, सगळ्या बाजारानं केली असती. पण माझ्या लेकीवरची पानं इतकी वर्षं हिनं उचलली, आणि मी नदीच्या अलीकडे चौकोनी घरात रताळी सोलत बसले होते, ह्यासाठी कोणाशी भांडायचं?

"दे ती केरसुणी," मी म्हणाले.

"नाही देणार. माझी आहे."

"माझी लेक आहे, पर्पेटुआ."

"ठाऊक आहे. म्हणून तर तोंड मिटून बसले. सगळं सभागृह हसत होतं तेव्हासुद्धा." तिनं केरसुणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "झाडायचं असेल तर तुझी केरसुणी आण."

हे मध्येच म्हणाले, "बायांनो, तिला झोपू द्या."

मग मी खाली बसले. गुडघ्यांवर. पर्पेटुआपुढे नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. हे त्यांच्यात होते. ह्यांच्या पायाच्या नखांत अजून माती होती. फादर ती घासून काढत राहिले. राहू द्या, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

२० एप्रिल, पवित्र शनिवार

कापड आज पुरं झालं.

वालुकुबाच्या तिसऱ्या ओळीतलं आमचं घर मी पिवळ्या कापडाचं केलं होतं. ह्यांच्या मागावरचं ते शेवटचं कापड, जपून ठेवलेलं. त्याचा उरलेला तुकडा आज घरून घेऊन गेले. त्याच मापाचं दुसरं घर कापलं, तसंच दार, तशीच खिडकी, आणि टेबलाला वळसा घालून पर्पेटुआच्या बाजूला जाऊन पलीकडच्या काठावर शिवायला बसले.

"अगं, तिथे घर नाही कोणाचं," अगाथा म्हणाली. "तिथे हिचं झाड आहे."

"आहे घर," पर्पेटुआ म्हणाली.

तिनं स्वतःच्या बोटातलं चांदीचं टोपण काढून माझ्यासमोर ठेवलं. मी घातलं नाही. उघड्या बोटानंच शिवलं.

शेवटची गाठ मारल्यावर तिनं वाकून बघितलं. "डावीकडचा टाका तिरका आहे."

"असू दे."

तिनं असू दिला.

२५ एप्रिल, गुरुवार

आज आम्ही दोघं गेलो. बाजारातून नवी केरसुणी घेतली होती. मिनीबसचा पोऱ्या म्हणाला, "आजी, पलीकडे केरसुण्या मिळत नाहीत का?" हे मोठ्यानं हसून म्हणाले, "ह्या केरसुणीचं वेगळं भाडं घे, पण गप्प बस." ह्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना.

पर्पेटुआ फाटकात नव्हती. झाडाखाली गेले तर तिनं सकाळी अर्धंच झाडलं होतं. मधोमध सरळ रेघ, पट्टी ठेवून मारल्यासारखी. एका बाजूला गुळगुळीत जमीन, दुसऱ्या बाजूला पानं, आमच्यासाठी ठेवलेली.

हे गवत काढायला बसले. मी माझं अर्धं झाडलं. सावकाश, एकेक पान.

मग पर्पेटुआ आली, आणि ती चहाचं भांडं आणायला आत गेली तेव्हा तिच्या अर्ध्यावरूनही मी केरसुणी फिरवली. तिथे एकही पान नव्हतं. तरी फिरवली.